अपघात दाव्यांचे वकील, जुना आग्रा रोड, नाशिक: काम चोख, फोनची मात्र बोंब

मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरजवळ माझ्या मेहुण्यांच्या मोटारीला ट्रकने मागून धडक दिली. त्यांच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि मेडिक्लेमची मर्यादा संपल्यावर रुग्णालयाचे मोठे बिल थकले. ही थकबाकी आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातील दावा अशी दोन्ही कामे आम्ही जिल्हा न्यायालयाजवळच्या एका वकिलांच्या कार्यालयाकडे सोपवली. वकिलांना जाहिरातीची मुभा नसल्याने मी त्यांचे नाव लिहीत नाही.

पहिली जमेची बाजू फीची. रुग्णालयाच्या आवारात भेटलेला एक एजंट भरपाईतील ठरावीक टक्के मागत होता. असा वाटा ठरवून वकिलाने काम घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे येथे पहिल्याच भेटीत सांगण्यात आले आणि फीची टप्पेवार रक्कम लेखी मिळाली.

त्याहून मोलाचे म्हणजे थकलेले बिल आणि दावा यांची त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत रुग्णालय थांबत नाही. डिस्चार्जच्या वेळी आमच्याकडून पुढच्या तारखेचा धनादेश घेतलेला होता. तो वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते आणि तेथे ‘भरपाई मिळायची आहे’ ही सबब चालत नाही. म्हणून वकिलांनी आधी पत्र देऊन तपशीलवार बिल मागवले. त्यात ड्रेसिंगचे साहित्य एकाच दिवशी दोनदा लावलेले निघाले. ती रक्कम कमी झाली, उरलेल्या रकमेचे हप्ते ठरले आणि धनादेश परत आला.

कागदपत्रांच्या बाबतीत तेथील कारकुनांना तोड नाही. औषधाच्या दुकानातील थर्मल कागदावरच्या पावत्यांची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्यांनी आमच्यासमोरच एकेक पावती सरळ करून तिची झेरॉक्स काढली आणि मूळ पावतीला जोडली. मांडीत बसवलेल्या रॉडचा स्टिकर बिलावर आहे की नाही, हेही पाहिले. टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने मेडिक्लेमचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, गेलेल्या मूळ बिलांच्या शिक्का मारलेल्या प्रती आणि थकबाकीचे रुग्णालयाच्या लेटरहेडवरील पत्र त्यांनीच मागवून घेतले. न्यायाधिकरण सिद्ध झालेलाच वैद्यकीय खर्च धरते, तेव्हा या कामाची किंमत दाव्याच्या रकमेतच दिसणार.

मेडिक्लेमने भरलेले पैसे भरपाईतून वजा होतील, अशी आमची समजूत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये अशी वजावट करता येत नाही असा निर्णय दिल्याचे समजल्यावर तो संपूर्ण खर्च दाव्यात धरला गेला. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची तरतूद २०२२ पासून लागू आहे, आणि ही मुदत कार्यालयाने स्वतःहून सांभाळली.

आता तक्रारी. फोन बहुधा कोणी उचलत नाही, तारीख पडल्याचे कळवायला उशीर होतो आणि सकाळी न्यायालयाच्या वेळेत गेल्यास गाडी लावायला जागा मिळत नाही. त्याहून खटकले ते वेगळेच. रस्ते अपघातातील जखमींना अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे, पण अशिलाला मिळणाऱ्या छापील माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही. केवळ अपघातांचीच प्रकरणे चालवणाऱ्या कार्यालयाकडून ही अपेक्षा जास्त नव्हे.

पाचपैकी चार गुण. दावा अद्याप चालू आहे. लोकअदालतीत तडजोडीचा विषय निघाल्यास पुढे रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च धरल्याखेरीज सही करू नये, कारण तेथील निवाड्यावर अपील नसते, असा सल्ला त्यांनी आत्ताच देऊन ठेवला आहे.