जागा सपाट असती तर ठोकळे कशाला घेतले असते?

कंपनीचं उत्तर काल आलं. फोटो बघून त्यांनी ठरवलंय की ट्रेलर समतल उभा राहावा म्हणून चाकांखाली आणि जॅकखाली ठेवायचे माझे दोन तडकलेले ठोकळे वॉरंटीत बसत नाहीत, कारण खाली खडी दिसतेय आणि हे ठोकळे टणक, सपाट जागेवरच वापरायचे असतात. अहो, टणक आणि सपाट जागा मिळाली असती तर ३८ डॉलर तुम्हाला दिले असते का? त्या रागातच हे लिहायला बसलोय, तेव्हा सूर थोडा चढा लागला तर समजून घ्या.

आमचा गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ट्रेलर बावीस फुटी, दोन ॲक्सलचा, जुना घेतलेला. सामान, पाणी आणि आमचे डबे भरल्यावर साधारण ५,००० पौंड. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो न्यू जर्सीतल्या एडिसनला घरी आणला आणि ड्राइव्हवेत उभा केला. चार दिवसांनी बघतो तर पुढच्या टंग-जॅकचा, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक तोलून धरणाऱ्या पायाचा, तळवा उन्हानं मऊ झालेल्या डांबरात रुतून बसलेला. खड्डा अजून आहे, पावसाळी दिवसात त्यात पाणी साठतं.

हिशोब तेव्हा केला, आधी करायला हवा होता. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या टोकावर असतो, आमचा ६०० पौंडांच्या आसपास. जॅकचा तळवा पाच बाय पाच इंच, म्हणजे दर चौरस इंचाला २४ पौंड. तोच भार बारा बाय बारा इंचांच्या फळीवर पसरला तर चारच्या थोडा वर. एका पायावर उभा राहिलेला माणूस जमिनीला जेवढा दाबतो, साधारण तेवढाच. जॅकखाली ठेवायच्या पॅडची सगळी विद्या एवढीच. बाकी जाहिरातीत काय ‘हेवी ड्यूटी’ लिहिलंय त्याला अर्थ नाही. तळाचं क्षेत्रफळ किती ते बघा.

मग ते सगळीकडे दिसणारे, लेगोसारखे एकात एक बसणारे नारिंगी प्लॅस्टिकचे ठोकळे घेतले. दहाचा संच, चेनची पिशवी फुकट. मार्च ते ऑक्टोबर, अकरा ट्रिपा. हलके आहेत, चाकाखाली रचायला दोन मिनिटं लागतात, मुलगासुद्धा लावतो. हे सगळं खरं. पण त्यांच्या खालच्या बाजूबद्दल कुणी का बोलत नाही?

खालची बाजू पोकळ असते, मधमाशांच्या पोळ्यासारखी. मी मोजली: एका ठोकळ्याला छत्तीस खोल्या. दहा ठोकळ्यांच्या तीनशेसाठ. एवढी मोठी चाळ गिरगावातही नसेल! ओल्या जागेवर एक रात्र काढली की प्रत्येक खोलीत चिखल ठासून भरतो आणि घरी येईपर्यंत वाळून विटेसारखा होतो. पाण्याच्या फवाऱ्यानं निघत नाही. टूथब्रश झाला, बांबूची काडी झाली, शेवटी बायकोचं जुनं उलथनं पळवलं. रविवारी दुपारी चाळीस मिनिटं मी अंगणात चिखल कोरत बसतो आणि शेजारी कुत्रा फिरवताना थांबून बघतात. एवढी एक गोष्ट नसती तर पाचपैकी चार तारे दिले असते. इथवर लिहिलं तेव्हा दोनच द्यायचे ठरवलं होतं.

पण सप्टेंबरची ट्रिप आठवली आणि मत जरा हललं. अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या ॲसटीग बेटावर गेलो होतो, ते मोकळे घोडे फिरतात तिथं. आमच्या जॅकच्या ठोकळ्यांखाली ओलसर वाळू होती. संध्याकाळी लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्यावर आणला, सकाळी घावन घातलं तर पुढच्या बाजूला जाड, मागे जाळी. आमच्याकडे लेव्हल घावनच सांगतं. पुढचं टोक रात्रीत इंचभर बसलं होतं. त्याच्या आधीच्या ट्रिपेला मात्र काही हललं नव्हतं, आणि तेव्हा आळस करून ठोकळे न धुताच नेले होते! कारण उघड आहे. पोकळ ठोकळा मऊ जमिनीवर पूर्ण तळानं टेकतच नाही, नुसत्या कडांवर उभा राहतो. साच्यानं शंकरपाळे कापावेत तशा त्या कडा मातीत उतरतात आणि खोल्या भरल्यावरच थांबतात. म्हणजे मी दर रविवारी जो चिखल कोरून काढत होतो, तोच ट्रेलर तोलून धरत होता. मी मेहनतीनं ठोकळे निकामी करत होतो. खडीवर हेच उलटं होतं: कडेखाली एखादाच दगड येतो, सगळा भार तिथंच पडतो आणि कड तडकते. माझे दोन ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात असेच गेले.

तरी शरद ऋतूत कोरण्याला सुट्टी नाही. २०१४ साली पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडलेली ती लँटर्नफ्लाय, झाडांचा रस शोषणारी कीड, आता आमच्याकडेही घरोघरी आहे, आणि तिची अंडी वाळलेल्या चिखलाच्या पुटासारखीच दिसतात. ती सोबत दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून छत्तीस खोल्यांत खरा चिखल कुठला आणि अंडी कुठली हे बॅटरी लावून शोधायचं.

जुलैत आई सांगलीहून आली होती. पहिल्या रात्री म्हणाली, ‘अरे, कुणी कुशीवर वळलं तरी होडीत असल्यासारखं वाटतंय.’ मी लगेच उठून चारही कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर, म्हणजे डोलणं थांबवायचे छोटे जॅक, जोर लावून जमिनीवर आवळले. सकाळी दार उघडेना. ते जॅक गाडी उचलायला नसतात हे मला माहीत होतं, पण रात्री दीड वाजता माहिती कामाला येत नाही. सांगाडा पिळवटला की दाराची चौकट तिरकी होते. सैल केल्यावर दार उघडलं. आई बाहेर येऊन खाली वाकून बघत म्हणाली, ‘आमच्याकडे आधी चाकाला दगड लावायचे, मग बैल सोडायचे. तू चाकाला काय लावलंयस?’ लावले होते, प्लॅस्टिकचे हलके चॉक, म्हणजे चाकं अडवायच्या पाचरी, आणि तेही बाहेरून. पुढच्या ट्रिपेला दोन चाकांच्या मध्ये घट्ट बसणारा लोखंडी चॉक घेतला आणि स्टॅबिलायझरखाली उंच ठोकळे रचले, म्हणजे जॅकला जास्त लांब यावं लागत नाही. पाय जेवढा आखूड तेवढा तो कमी लचकतो. आता नुसते टेकतील एवढेच आवळतो. डोलणं निम्म्याहून कमी झालं. आईनं श्रेय दगडाला दिलं.

रबरी पॅडही आणले होते, तळव्यावर कायमचे बसणारे. काँक्रीटवर छान, घसरत नाहीत, मातीत काही उपयोग नाही, कारण तळवा फार मोठा होत नाही. उरलेली जोडी सामानाच्या कप्प्यात ठेवली तर चादरींना टायरच्या दुकानाचा वास लागला. परत केले. लाकडी फळी म्हणाल तर दोन बाय दहाची आणली, हातात आली दीड बाय सव्वानऊ. इथं सगळं लाकूड असंच विकतात, तक्रार कुणाकडे करणार? तिसऱ्याच ट्रिपेला जॅकखाली रेषेरेषेनं चिरली.

सध्या टंग-जॅकखाली पाऊण इंची प्लायवुडचे बारा बाय बाराचे दोन तुकडे, एकमेकांना चिकटवून, कडांना घरातला उरलेला पिस्ता रंग मारून. प्लायचे थर आडवे-उभे असतात, त्यामुळे चिरत नाही. तळ सपाट, चिखल पुसला की गेला. नारिंगी ठोकळे फक्त चाकांखाली, आणि टायरची पूर्ण रुंदी त्यावर येईल असेच. अर्धा टायर बाहेर लटकवून लोक उभे राहतात ते बघवत नाही. तडकलेल्या दोनांपैकी एक तुळशीच्या कुंडीखाली गेलाय.

तर तीन तारे. चाकांखाली चार, जॅकखाली दोन. चेनच्या पिशवीची चेन मे महिन्यातच गेली, त्याचे मी धरलेले नाहीत.

कंपनीनं त्याच ईमेलात पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट दिलीय, ३१ डिसेंबरपर्यंत. कुणाला सपाट जागेवर वापरायला ठोकळे हवे असतील तर कूपन पाठवतो.