रिटायर फौजींच्या घरच्यांनो, "मेडल चढवून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध

ज्यांच्या घरी रिटायर फौजी आहे त्यांनी हे पुरं वाचा, कारण आमच्या घरी येऊन फसवून गेलेला माणूस अजून सापडला नाही आणि आमच्या आर्वी तालुक्यातून तो कारंजा घाडगेकडच्या गावात शिरला असं ऐकू येऊन राहिलं. नाव तो प्रत्येक घरी वेगळं सांगते, म्हणून नाव लिहून काही फायदा नाही, पद्धत लिहिते.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, महार रेजिमेंटमध्ये होते. १९६९ ला भरती झाले, १९८४ ला पंधरा वर्षं करून नायक म्हणून पेन्शनवर घरी आले. डिसेंबर १९७१ च्या लढाईत ते पश्चिम बॉर्डरवर होते, पण त्यांच्या डिस्चार्ज बुकात (रिटायर होताना मिळते ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) मेडलच्या जागी दोनच नोंदी, संग्राम मेडल आणि ९ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल. त्यांच्याच कंपनीतला दोस्त पुलगावजवळ राहतो, त्याच्या बुकात चार. पश्चिमी स्टार आणि स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हाचं मेडल ही दोन मामाजींच्या बुकात चढलीच नाही. त्यातलं २५ वर्षांचं तर १५ ऑगस्ट १९७२ ला जो जो नोकरीत होता त्या सगळ्यांसाठी होतं, लढाईत असायची पण गरज नव्हती, म्हणजे ते न चढणं ही सरळसरळ कारकुनी चूक. मामाजी त्या काळात बरेच दिवस मिलिटरी हॉस्पिटलात होते, तिथून दुसऱ्या युनिटला गेले, आणि त्या भानगडीत कुठंतरी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमध्ये नोंद चढवायचा युनिटचा कागद, मागं राहिली असेल. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाला अर्ज केला नाही, पण २६ जानेवारीला शाळेत झेंड्याला जायचे तेव्हा दोस्ताच्या छातीकडं एकदा बघायचेच.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे तो माणूस जे बोलला त्यातलं अर्धं खरं होतं. लोक म्हणतात लालच केली असंल म्हणून फसले. तसं नव्हतं.

तो आला पांढऱ्या बोलेरोत, मागच्या काचेवर फौजी स्टिकर, अंगात हिरवं जर्किन, केस बारीक. दारातूनच कडक जय हिंद. "सुभेदार रिटायर्ड" म्हणे. मामाजी नायक, पण हा त्यांना एक रँक वर चढवून पहिल्या वाक्यापासून "हवालदार साहेब" म्हणून राहिला होता. आमच्या भागात पुलगावच्या दारूगोळा डेपोमुळं फौजी माणूस, फौजी गाडी यांची कोणाला नवलाई नाही, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं. त्यानं डिस्चार्ज बुक मागितलं, घरातल्याच माणसासारखं भरभर पानं उलटवत मेडलच्या पानावर आला आणि म्हणाला, "साहेब, तुमचे दोन मेडल खाऊन टाकले कोणीतरी." मामाजींचे डोळे भरून आले. मी चहा घेऊन उभी होते, मी पाहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना स्वतःहून हे बोललं होतं, मंग पुढं तो जे म्हणंल ते खरंच वाटणार ना.

नंतर कळलं की २६ जानेवारीला हा आजूबाजूच्या गावांतल्या शाळांमध्ये फिरत होता, म्हातारे फौजी मेडल लावून येतात, कोणाला किती आहेत ते बघायचं, चहाच्या टपरीवर रेजिमेंट विचारून घ्यायची आणि दोन-चार दिवसांनी घर गाठायचं.

आधी फाईल चार्ज म्हणून साडेसहा हजार नेले, आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक. झेरॉक्स चालणार नाही, रेकॉर्ड ऑफिसला ओरिजिनलवरच शिक्का मारतात, असं सांगून नेलं. आमचे हे तेव्हा तुरीच्या खळ्यावर होते, घरी असते तर निदान पावती तरी मागितली असती. मंग व्हेरिफिकेशनचे अठरा हजार. ते मामाजींनी सोयाबीनच्या पैशातून दिले आणि आम्हाला सांगितलंच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणे, "माह्या लढाईचे पैशे हायेत ते, मले हिशोब नको मागू."

आता खरा डाव ऐका. काही आठवड्यांनी तो खरोखर दोन मेडल घेऊन आला, मखमली डबीत, सोबत अशोकस्तंभ छापलेलं लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट. ग्रामपंचायतीसमोर हार-नारळ झाला, फोटो काढले, सरपंचांनी भाषण केलं. सगळं गाव साक्षीला असल्यावर संशय कोण घेणार! आणि त्याच संध्याकाळी ओसरीत बसून तो म्हणाला की मेडल चढले म्हणजे पेन्शन रिवाइज होते, १९७२ पासूनचा एरियर निघते, फक्त स्पर्शमध्ये (फौजी पेन्शनची ऑनलाइन सिस्टम) अपडेट मारावं लागते, मोबाईलवर नंबर येईल तो सांगा. मामाजींना दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी ओटीपी सांगायची सवय, त्यांना हे तसंच वाटलं. आधार, पॅन, पासबुक यांचे फोटो तर आधीच त्याच्याकडं होते. दोन दिवसांत पेन्शनच्या खात्यातून एक लाख चाळीस हजार गेले, तीन-चार हप्त्यांत, आणि मेसेज आले तरी मामाजींना इंग्रजी वाचता येत नाही.

मेडलमुळं पेन्शन वाढते ही गोष्टच खोटी आहे, हे आम्हाला आर्वीच्या एका रिटायर नायब सुभेदार काकाजींनी सांगितलं. परमवीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल अशा शौर्याच्या मेडलला दर महिन्याला भत्ता असते, ते वेगळं. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, लाँग सर्व्हिस ही सेवेची मेडलं, मान आहे पण त्याच्यानं पेन्शन एक रुपया वाढत नाही. म्हणजे एरियर हा शब्द ऐकला की तिथंच माणसाला उठवून दारापर्यंत सोडून यायचं.

त्या काकाजींनी मेडल हातात घेतलं आणि समोरची बाजू बघितलीच नाही, काठावरून बोट फिरवलं. म्हणे खऱ्या मेडलच्या काठावर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असते, हे तर कोरं आहे. त्यांनी मामाजींचं जुनं संग्राम मेडल आणायला सांगितलं, त्याच्या काठावर बारीक अक्षरात नंबर, नाव बरोबर होतं. नव्याची रिबनपण दुसऱ्याच कोणत्या मेडलची होती. छावणीच्या गावात बाजारात अशी मेडलं विकत मिळतात, खरी हरवली तर परेडला लावायला लोक घेतात, त्यात गैर काही नाही, पण ती विकत घेऊन "सरकारनं दिली" म्हणून घरी आणून देणं म्हणजे हद्द आहे.

आता खरी रीत. सर्व्हिस रेकॉर्डमधली दुरुस्ती फक्त तुमच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस करते, महारचं सागरला आहे, गार्ड्सचं आपल्या कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, साधा अर्ज, त्यात नंबर, रँक, नाव, कोणत्या काळात कोणत्या युनिटला आणि कुठं होते ते लिहायचं, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडायची. त्याच कंपनीतल्या कोणाच्या बुकात ते मेडल असेल तर त्याचीही झेरॉक्स जोडा, तपासणाऱ्याला सोपं जाते. अर्जाला फी नाही. आपण अर्ज केला त्याचा इनवर्ड नंबर घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून स्वतःच्या रेकॉर्डमधली मेडलची नोंद मागता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. काम सावकाश होते, हे खरं आहे. त्याच सावकाशीवर हे लोक जगतात, "मी आठ दिवसांत करून देतो".

ओरिजिनल बुक कोणाच्याच हातात देऊ नका, अगदी फौजीच्या वेशात आला तरी. आमचं गेलं आणि आता डुप्लिकेटसाठी पोलिसातला रिपोर्ट, अफिडेव्हिट, सगळे सोपस्कार चालू आहेत. ते नसलं की ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना), कॅन्टीन, नातवाची स्कॉलरशिप, जिथं जाल तिथं अडते. तो ते परत का देत नाही याचं कारण पोलिसांनी सांगितलं की त्यावरचे नंबर, युनिट, तारखा वाचूनच पुढच्या घरी "मी तुमच्याच पलटणीचा" म्हणता येते.

पैसे गेल्याचं कळल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेत जाऊन अर्ज नंतर. जितका लवकर फोन तितके पैसे मधेच अडकायचा चान्स. आमचे थोडे अडकले, बाकीचे गेले. आणि लाज बाळगू नका. आमच्या तालुक्यातल्या आणखी दोन घरी तो गेला होता, त्यातली एक बाई फॅमिली पेन्शनवर आहे, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, त्याचं मेडल आणून देतो म्हणून तिचं मंगळसूत्र गहाण ठेवायला लावलं. ती तक्रार द्यायला तयार नाही, लोक हसतील म्हणते. तिनं दिली असती तर आमच्या आधीच हा पकडला गेला असता असं मला वाटते, पण तिला बोल लावायची माझी हिंमत नाही.

सागरला आमचा अर्ज गेला आहे, सैनिक कल्याणवाल्या साहेबांनी स्वतः बसून लिहून दिला. तिकडून पत्र आलं की २५ वर्षांच्या मेडलची नोंद करायला हरकत दिसत नाही, पश्चिमी स्टारसाठी १९७१ मधल्या युनिटचे कागद तपासून कळवू. दोस्त काकाजी साक्षीचं अफिडेव्हिट द्यायला तयार आहेत, पुढच्या सोमवारी दोघांना घेऊन वर्ध्याला जायचं आहे.