रॉम्समधली उघडी सीमा: तापीच्या मुखाचं मॉडेल करणाऱ्यांसाठी

भुसावळ, प्रकाशा करत तापी सुरतेजवळ डुमसला अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाचं आणि खंबायतच्या आखाताचं मॉडेल करायचं म्हटलं की जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांपुढे रॉम्सचं (ROMS, समुद्राची पातळी आणि प्रवाह गणिताने मांडणारं सॉफ्टवेअर) नाव हमखास येतं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लिनक्स, फोरट्रान कंपायलर व नेटसीडीएफ (आकड्यांच्या फाईली वाचण्या-लिहिण्याची सोय) असलं की साध्या डेस्कटॉपवरही चालतं. इथे मात्र त्यातल्या एकाच भागाचं परीक्षण आहे, तो म्हणजे जिथे किनारा नाही आणि मॉडेलचं पाणी संपतं ती कड.

कड नीट हाताळली नाही तर केळीच्या वाफ्याचं तोंड बुजवल्यावर पाणी उलटं फिरतं तशी लाट आत परतते. रॉम्सचं मोठं बळ हे की पाण्याची पातळी, खोलीची सरासरी धरलेला प्रवाह, थराथरांतला प्रवाह, तापमान, क्षारता या प्रत्येकासाठी चारही कडांना वेगळी अट देता येते. एलबीसीच्या, म्हणजे कडांच्या अटींच्या, तक्त्यात क्रम पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर असा असतो. घाईत तो चुकतो आणि जमिनीची कड उघडी, समुद्राची बंद अशी उलटापालट होते.

पातळीला चॅपमन आणि सरासरी प्रवाहाला फ्लॅदर ही अटींची जोडी घ्यावी; दोन्ही लाटेला कडेतून बाहेर जाऊ देतात. फ्लॅदरची अट बाहेरच्या (मोठ्या मॉडेलमधून वा इतर माहितीतून घेतलेल्या) वेगात एक दुरुस्ती मिळवते: आतल्या-बाहेरच्या पातळीतला फरक गुणिले ‘गुरुत्वाकर्षण भागिले खोली’ एवढ्याचंच वर्गमूळ. ५० मीटर खोलीला हे वर्गमूळ सुमारे ०.४४ येतं. म्हणजे बाहेरच्या माहितीचं शून्य तुमच्या मॉडेलच्या शून्यापेक्षा अर्धा मीटर वरखाली असेल, तर गणिताच्या पहिल्याच पावलाला सेकंदाला २२ सेंटिमीटरचा खोटा प्रवाह कडेवर उभा राहतो. ही अट कडेवर सरळ येणाऱ्या लाटेसाठी चोख आहे. ४५ अंशांत तिरकी आलेली लाट सुमारे १७ टक्के परत फिरते, ६० अंशांत ३३ टक्के. त्यामुळे कडेलगत स्पंज, म्हणजे घर्षण वाढवलेला पट्टा, ठेवावाच.

तपासणी सोपी आहे. २०० किलोमीटरचा चौरस, ५० मीटर सपाट तळ, मधोमध २० सेंटिमीटरचा पाण्याचा उंचवटा. वारा नाही, भरती नाही, पृथ्वीचं फिरणंही बंद. लाटेचा वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणून ती सव्वा तासात कडेला पोचते. अडीच तासांनी जे हलताना दिसेल ते बहुतांशी परतलेलं पाणी. पातळी कडेवर जखडून ठेवली तर लाट उलटी होऊन जवळपास पूर्ण परतते. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की अटी नुसत्या पाठ कराव्या लागत नाहीत.

तापमान-क्षारतेसाठी रेडिएशन (आतून येणारा बदल कडेतून बाहेर जाऊ देणं) आणि नजिंग (कडेवरचं मूल्य बाहेरच्या माहितीकडे हळूहळू ओढणं) एकत्र घेता येतं आणि इथेच रॉम्स फसवतं. टीनज (TNUDG) हा या ओढीचा कालावधी दिवसांत द्यायचा असतो. तो शून्य ठेवला तर ओढ शून्य होते आणि तीही काही तक्रार न करता! अट लावलेली दिसते, पण ती काम करत नाही. बाहेर जाणाऱ्या पाण्याला ३६० दिवस आणि ओबीसीफॅक (OBCFAC, आत येणाऱ्या पाण्याची ओढ किती पट घट्ट ते सांगणारा आकडा) १२० दिला, तर आत येणाऱ्या पाण्याला ३ दिवसांची घट्ट ओढ लागते. सुरुवात करायला हे आकडे चांगले चालतात.

भरतीचं काम जपून करा. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक सुमारे १० मीटर असतो, कारण निमुळत्या आखातात लाट फुगते. ते फुगणं मॉडेललाच करू द्या. उघडी कड आखाताच्या आत नको, बाहेर उथळ मंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) काठापाशी हवी. एकूण घनफळ स्थिर ठेवण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर भरतीचं पाणी आत-बाहेर होऊच शकत नाही. बाहेरच्या पातळीत भरती आधीच धरलेली असेल आणि तुम्ही भरतीची फाईलही जोडलीत, तर ती दुप्पट होते. दिवसाची सरासरी असलेली माहितीही निर्धोक नाही: १२.४२ तासांची मुख्य भरती तिच्यात पूर्ण पुसली जात नाही, ती सुमारे १४.८ दिवसांच्या खोट्या लयीत उरते.

बाहेरच्या मॉडेलची आणि तुमची खोली कडेवर जुळत नसेल तर वेग तसाच उचलू नका. वेग गुणिले खोली, म्हणजे वाहणारं पाणी, जुळवा आणि कडेलगतच्या काही चौकटींत तुमची खोली हळूहळू बाहेरच्या खोलीत मिसळा. खारफुटी आणि चिखलाच्या उघड्या पडणाऱ्या पट्ट्यातून कड नेऊच नये.

वीज जाते तिथे रीस्टार्ट फाईलची, म्हणजे थांबलेलं काम पुढे चालू करण्यासाठी साठवलेल्या स्थितीची, सोय मोलाची आहे. एल-सायकल-आरएसटी (LcycleRST) हा पर्याय चालू ठेवला की शेवटच्या दोनच नोंदी राहतात, डिस्क भरत नाही. एनआरआरईसी (NRREC, कोणत्या नोंदीपासून सुरू करायचं तो आकडा) उणे १ दिलं की शेवटच्या नोंदीपासून काम सुरू होतं. मात्र पर्फेक्ट रीस्टार्ट (थांबलेल्या स्थितीतून तंतोतंत पुढे जाण्याचा पर्याय) न लावता सुरू केलं तर पाण्याला छोटा धक्का बसतो, आणि तो कडेवरचा दोष समजून विद्यार्थी अटी बदलत बसतात.