एडमंटनची थंडी आणि रोजचे पाच किलोमीटर: छोटं टर्बो घ्यावं की साधं इंजिन?

पुण्याहून कॅनडातल्या एडमंटनला आलेलं एक कुटुंब पहिली गाडी शोधतंय. बजेट सेकंडहँडचं आहे आणि यादीत दोन नावं उरली आहेत: दीड लिटर टर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) होंडा सीआर-व्ही आणि अडीच लिटरची, टर्बो नसलेली टोयोटा रॅव्ह-४. घर ते ऑफिस पाच किलोमीटर, मुलीची शाळा वाटेतच, आणि गाडी दिवसभर उघड्या पार्किंगमध्ये. मायलेज, डिकी, रीसेल हे सगळं त्यांनी कसून तपासलं होतं. थंडीत इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वापराकडे पाहता माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा.

आधी हे घडतं कसं ते पाहू. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं इंजिनचा कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडतो. त्यातलं काही सिलिंडरच्या थंड भिंतीला ओलं चिकटतं, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. चोक ओढून गाडी सुरू करायचो त्या काळातही हे होतच होतं. लांबच्या प्रवासात याचा त्रास होत नाही. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसंच राहिलं, की त्यातल्या पेट्रोलचा बराचसा भाग वाफ होतो, ती वाफ पुन्हा इंजिनात ओढली जाते आणि जळून जाते. पाच किलोमीटरमध्ये कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा कसाबसा मध्यावर येतो, ऑइल तर त्याच्याही बरंच मागे असतं. त्यामुळे पेट्रोल रोज थोडं थोडं साठत जातं. त्यासोबत पाणीही साठतं, म्हणून ऑइलच्या झाकणाखाली कधी कधी सायीसारखा पिवळट थर दिसतो.

यातून नुकसान काय होतं? ०डब्ल्यू-२० या पातळ प्रकारच्या ऑइलचा दाटपणा १०० अंशांना ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान असावा लागतो. पाच टक्क्यांच्या आसपास पेट्रोल मिसळलं तर तो या पट्ट्याच्या खाली घसरू शकतो. क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं आणि टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ पडद्यावरच तरंगत असतात, आणि जिथे तो पडदा विरळ होतो, तो भाग झिजतो. गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच इकडे दुर्लक्ष होतं.

आता दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून पाहू.

छोट्या टर्बोत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हवेत मिसळून वाफ व्हायला त्याला फार थोडा वेळ मिळतो. शिवाय दीड लिटरच्या इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचं काम करून घ्यायचं, म्हणजे जोर लावताना प्रत्येक सिलिंडरमागे पेट्रोलही जास्त लागतं. तिसरं कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही: असं इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून ते तापतंही सावकाश. उत्तर चीन आणि अमेरिकेच्या थंड राज्यांतल्या सीआर-व्ही मालकांनी ऑइलची पातळी वाढत असल्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा हीटर लवकर गरम होत नाही अशीही तक्रार त्यांच्याकडून येत होती. दोन्हींचं मूळ एकच होतं. २०१८ मध्ये चीनमध्ये होंडाला नव्या सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली. पुढे इंजिन लवकर तापावं यासाठी कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये बदल केले आणि अमेरिकेत वॉरंटीही वाढवली. एवढ्यावरून मी ही गाडी वाईट म्हणणार नाही. रोज चाळीस किलोमीटर हायवेने जाणाऱ्याने ती खुशाल घ्यावी.

२०१९ पासूनच्या रॅव्ह-४ मध्ये इंजेक्टरचे दोन संच आहेत. एक थेट सिलिंडरमध्ये फवारतो, दुसरा त्याआधीच्या हवेच्या नळीत. भार आणि तापमान पाहून कॉम्प्युटर त्यांच्यात काम वाटतो. टर्बो नाही, म्हणजे ऑइलवर अवलंबून असलेला एक नाजूक भागही कमी. पेट्रोल इथेही उतरतं, पण पाच किलोमीटरच्या वापरात मी हेच इंजिन निवडेन. टर्बो नसलेलं माझदा सीएक्स-५ आणि २०१९ पासूनची सुबारू फॉरेस्टर या दोघांच्या मधे बसतात: टर्बो नाही, पण फवारा थेट सिलिंडरमध्ये.

हायब्रिडबद्दलही त्यांनी विचारलं होतं. इंजिन मधेच बंद होत राहिलं की ऑइल तापायला आणखी वेळ लागतो, त्यामुळे या एका मुद्द्यावर हायब्रिड आपोआप सुरक्षित ठरत नाही. इलेक्ट्रिकमध्ये हा प्रश्नच नाही. थंडीत तिची रेंज बरीच घटते, पण पाच किलोमीटरला ती कुठे आड येणार? घरी चार्जिंगची सोय असेल तर तोही विचार जरूर करावा.

गाडी आधीच घेतली असेल तर उपायांतही निवड करावी लागते. माझं पहिलं मत ब्लॉक हीटरला, म्हणजे इंजिनात बसवलेल्या विजेच्या हीटरला. एडमंटन, विनिपेगकडे गाड्यांच्या जाळीतून लोंबणारा त्याचा प्लग नव्याने आलेल्यांना विचित्र वाटतो, पण इंजिनासाठी याहून मोलाची वस्तू नाही. हा हीटर कूलंट तापवतो, त्यामुळे सिलिंडरची भिंत सुरुवातीलाच कोमट असते आणि जास्तीचं पेट्रोल सोडण्याचा काळ आखडतो. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही, निघण्याआधी तीनेक तास टायमरवर पुरतात. वायर मात्र घराबाहेर वापरण्यासाठी बनवलेलीच हवी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्लगची सोय आहे का, हे गाडी घेण्याआधी विचारून घ्या, कारण संध्याकाळी परत निघताना इंजिन पुन्हा तितकंच गार झालेलं असतं.

रिमोट स्टार्टने पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली तर आपल्याला ऊब मिळते, ऑइलला फारशी नाही. उभ्या गाडीत उष्णता कमी तयार होते आणि पेट्रोल मात्र उतरत राहतं. काचेवरचा बर्फ सुटेपर्यंत थांबावं, मग हलक्या पायाने निघावं. आठवड्यातून एकदा हायवेने अर्धा तास फिरून आलात तर साठलेलं पेट्रोल बरंच उडून जातं.

ऑइल दाट घ्यावं का? मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर ०डब्ल्यू-३० थोडी जास्त मोकळीक देतं आणि थंडीतही सहज वाहण्याचा '०डब्ल्यू' गुण कायम राहतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांत २०डब्ल्यू-४० वापरायची सवय असते. उणे पंचवीसमध्ये ते ऑइल इंजिनात पोहोचायलाच वेळ लावेल, ते इथे नकोच. बदलण्याच्या बाबतीत डॅशबोर्डवरच्या टक्केवारीवर एकट्यावर विसंबू नका. ती साधारणपणे वापरावरून काढलेला अंदाज असते, ऑइलमध्ये पेट्रोल किती आहे ते मोजत नाही. अशा वापरात हिवाळ्याआधी एकदा आणि बर्फ वितळल्यावर एकदा, असं किलोमीटर न बघता महिन्यांच्या हिशोबाने ऑइल बदलावं.

माझ्या आधीच्या गाडीचं ऑइल एका हिवाळ्यात जराही कमी झालं नाही, याचं मला समाधान वाटत होतं. एप्रिलमध्ये डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नीट पाहिली तर पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर होती आणि वासही पेट्रोलचा येत होता. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पातळी बघून लिहून ठेवतो.

महाराष्ट्रात डिझेल गाडी असलेल्या नातेवाइकांनाही हे सांगा. तिथे थंडीचा संबंध नसतो. बीएस-६ गाड्यांत काजळीचा फिल्टर साफ होताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहिली की तेही ऑइलमध्ये उतरतं. डिझेल पेट्रोलसारखं सहज उडूनही जात नाही.

त्या कुटुंबाला मी रॅव्ह-४ सुचवली आहे. तरीही सीआर-व्हीच मनात भरली, तर सॉफ्टवेअरचं काम झालंय का ते गाडीच्या चेसिस नंबरवरून डीलरकडे तपासून घ्या. आणि गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. आल्यावर सगळ्यात आधी डिपस्टिक काढून पातळी बघा आणि वास घ्या.