बीस्टी बॉइजचा 'लायसन्स्ड टू इल': पावसाळ्यापासून ऐकतोय, आता लिहितोच

मी मूळचा लेड झेपलिन-ब्लॅक सॅबथ अशा जुन्या रॉक बँडवाला, रॅपच्या वाटेला फारसा जात नाही, बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप त्रिकुटाचा हा १९८६चा अल्बम घेतला तोच मुळी 'यात आपले बँड वाजतात' असं कळलं म्हणून. आणि खरंच, पहिल्याच 'ऱ्हायमिन अँड स्टीलिन'ला झेपलिनचा ड्रमर बॉनमचे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधले ड्रम, तेच, हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी ड्रम किट मांडून वरून माइक सोडून रेकॉर्ड केलेले, आणि त्यावर सॅबथच्या 'स्वीट लीफ'ची रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून. दोन्ही १९७१ची गाणी, पण इथे अशी एकजीव झालीत की आता मूळ लेव्ही ऐकताना मधेच सॅबथची गिटार कधी येतेय याची वाट बघतो राव!

इतके महिने ऐकून माझं मत पार उलटं झालंय. सुरुवातीला 'फाइट फॉर युवर राइट' आणि 'नो स्लीप टिल ब्रुकलिन' रिपीटवर असायची, गिटार दणदणीत ना. आता पहिलं सरळ स्किप, कारण ते नुसतं रॉक गाणं आहे आणि रॉक म्हणून ठीकठाकच. दुसऱ्यात स्लेयर या मेटल बँडचा केरी किंग गिटार सोलो वाजवतो (या अल्बमचा प्रोड्युसर रिक रुबिन तेव्हाच स्लेयरचाही अल्बम करत होता, मग काय, बोलावला), नाव मोटरहेड बँडच्या लाइव्ह अल्बमवरून उचललंय, धमाल आहे, पण धमाल पाचसहा वेळाच टिकते.

टिकतं ते जिथे रुबिन रॉकचा फक्त एक तुकडा कापून फिरवत ठेवतो. 'शीज क्राफ्टी'त झेपलिनच्या 'द ओशन'ची रिफ येते, पुढे कुठे जातच नाही, आणि ती जात नाही म्हणूनच तिघांच्या आरडाओरड्याला जागा मिळते. त्याच वर्षी रन-डीएमसी या रॅप ग्रुपने 'वॉक धिस वे'साठी एरोस्मिथ या रॉक बँडच्या टायलर आणि पेरीला स्टुडिओत आणलं, तेही रुबिनचंच काम, पण तिथे पाहुण्यांचा मान ठेवलाय, इथे सरळ उचलेगिरी. मला उचलेगिरी जास्त आवडली.

मार्च १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बम यादीत एक नंबरला गेलेला हा पहिला रॅप अल्बम, गिटारवाली पोरं आली म्हणूनच गेला असणार.

'गर्ल्स' मात्र ऐकवत नाही, शब्द फारच टुकार. आणि फोनच्या स्पीकरवर लावू नका, बॉनमचा किक ड्रम गायब होतो, मग उरतो फक्त कलकलाट.