ड्रेड्ससाठीची 'ऑरगॅनिक काळी मेंदी': डब्यात नेमकं काय असतं

मेंदीने केस काळे होत नाहीत, तांबूस होतात. विक्रेता हे सांगत नाही, आणि सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते.

प्रकार साधारण असा असतो. ऑनलाइन, किंवा गोव्यात सीझनमध्ये हरमल-हणजुणच्या बाजूला ड्रेड्सचा (जटांसारख्या वळलेल्या केसांचा) मेंटेनन्स करून घेताना, एक देखणा डबा पुढे येतो. 'ड्रेड्ससाठी खास, शंभर टक्के हर्बल, ४५ मिनिटांत नॅचरल ब्लॅक, वर कंडिशनिंग.' किंमत किराणा दुकानातल्या मेंदीच्या कितीतरी पट. रंग खरंच चढतो, अगदी कुळकुळीत. एक-दोन दिवसांनी कानामागे आणि मानेवर खाज सुटते, पुरळ उठतं, पापण्या सुजतात, कधी टाळूतून लस येते. विक्रेत्याला फोटो पाठवला की ठरलेलं उत्तर: 'आतली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, अजून एकदा लावा.' अजिबात लावू नका. धुऊन टाका आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

ती किमया मेंदीची नसते, पीपीडीची म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाइनची असते. केसांच्या काळ्या रंगात ते सर्रास वापरतात. सोबत बेरियम पेरॉक्साइड असलं की नुसतं पाणी घालून काम होतं, म्हणून डबा 'पावडर, फक्त पाण्यात कालवा' असा दिसतो. मेंदीचा पाला त्यात नावापुरता. पीपीडीची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. पुढे कुठलाही साधा हेअर-डाय लावला तरी उसळते. मोकळ्या केसांतून उरलेली पावडर निदान धुऊन तरी जाते. ड्रेडच्या गाभ्यात अडकलेली पावडर मात्र दर आंघोळीला थोडी थोडी पाझरत टाळूवर येते. असा एखादा ड्रेड मुळाशी क्रोशेच्या सुईने उकलून पाहा: आत राखाडी-काळा चिखल आणि बारीक रेती, सुईच्या टोकाला करकर लागते.

डबा उलटा करून वाचा. असा रंग असेल तर त्यावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सावधगिरीची सूचना छापणं भारतात बंधनकारक आहे. घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि ही सूचना, तिन्ही गायब असतील तर पुढचं बोलणंच नको.

घरी तपासायला अर्धा तास पुरतो. चमचाभर पावडर कोमट पाण्यात कालवून पांढऱ्या टिश्यूवर गोळा ठेवा. कडेने लगेच पोपटी हिरवा ओघळ आला तर शिळ्या पाल्याला वरून रंग चोळलाय. खऱ्या मेंदीचा ओघळ नारिंगी-तपकिरी असतो आणि सावकाश येतो. दुसरा चमचा पाण्याच्या ग्लासात ढवळा, रेती असेल तर क्षणात तळाला बसते. खरी मेंदी तळहातावर नारिंगी डाग देते आणि तो दोन दिवसांत गडद होत जातो. पण डब्यावर 'ब्लॅक' लिहिलं असेल तर तळहाताच्या परीक्षेच्या फंदातही पडू नका. आणि 'सोजत' हे नाव पाकिटावर कुणीही छापतं. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या या मेंदीला २०२१ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, म्हणून समोरचं पाकीट तिथलंच असं होत नाही.

दुसरी लबाडी कंडिशनिंगची. डब्यात दही पावडर, नारळतेल, कॉफी घातलीय म्हणून जादा पैसे. मोकळ्या केसांना हे चालून जातं, ड्रेड्सना नाही. दही आत राहून आंबतं, तेलाचा थर रंग बसू देत नाही, कॉफीचा चोथा निघतच नाही. मग ओल्या फडक्यासारखा कुबट वास येतो, पुढे बुरशी.

ड्रेड्सना लागते ती नुसती मेंदी, पाणी आणि थोडं लिंबू. खांद्यापर्यंतच्या ड्रेड्सना साधारण ३०० ते ४०० ग्रॅम धरा, मोकळ्या केसांच्या जवळजवळ दुप्पट. मलमलीतून दोनदा चाळा. कोमट पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस घालून कालवा. मे महिन्यात तीन-चार तास, थंडीत रात्रभर ठेवा. लावताना पाणी वाढवून इतकं पातळ करा की दाबल्यावर ड्रेडच्या आत शिरेल. हातमोजे घालून मुळापासून टोकापर्यंत पिळत जा, प्लॅस्टिक गुंडाळून तीन-चार तास थांबा. धुताना बादलीत बुडवून पिळायचं, पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचं, पाणी नितळ होईपर्यंत. इथे कंटाळा केला की बाकी सगळं वाया. मग टॉवेलने दाबून ऊन आणि पंखा. पूर्ण वाळेपर्यंत बांधायचे नाहीत. मेंदीने केस थोडे जाड आणि ताठ होतात, ड्रेड घट्ट वाटतो, कंडिशनिंग म्हणतात ते एवढंच. पुढच्या वेळी फक्त मुळांना लावा, नाहीतर टोकं कडक होऊन तुटतात. नवे, अजून न बसलेले ड्रेड्स इतक्या पिळण्याने सुटतात, त्यांना थांबू द्या. काळ्याभोर केसांवर फक्त उन्हात लालसर झाक दिसेल.

काळाच हवा तर मेंदी धुतल्यावर वेगळी नीळ (इंडिगोच्या पाल्याची पावडर, कपड्यांची नीळ नव्हे) लावावी लागते. नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायची, लिंबू नाही, आणि लगेच लावायची, तास-दोन तास ठेवायची. दोन पायऱ्या, जवळजवळ अख्खा दिवस. त्यामुळे '४५ मिनिटांत' वाचलं की डबा खाली ठेवा.

मानवी केसांचे म्हणून विकलेले एक्स्टेंशन्सही इथेच उघडे पडतात, कारण सिंथेटिक केसाला मेंदी धरतच नाही. एक केस जाळून पाहा: खरा केस जळका वास देऊन राख होतो, सिंथेटिक वितळून कडक मणी होतो.

फसलाच असाल तर उरलेली पावडर फेकू नका. डबा, बिल, विक्रेत्याशी झालेले मेसेज आणि पुरळाचे तारखेसह फोटो जपा. डॉक्टरांच्या कागदावर कोणतं उत्पादन वापरलं ते लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि कॉस्मेटिक असल्याने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही. अशा ड्रेड्सवर ब्लीच मात्र करू नका. काही डब्यांत धातूंचे क्षारही असतात आणि ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात. गळलेला एक केस आधी ब्लीचच्या मिश्रणात बुडवून बघा. गरम झाला, फेसाळला किंवा हिरवट पडला, तर नवे केस वाढू देऊन तो भाग कापणं एवढाच मार्ग उरतो.