किनोसाकीचं र्‍योकान: पाचपैकी चार तारे, एक कापला तो सूपसाठी

किनोसाकी हे जपानमधलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, क्योतोहून एक्सप्रेसने अडीच तास. मोठी बॅग आदल्या दिवशीच तिथल्या कुरिअरने, म्हणजे ताक्युबिनने, पुढे धाडली होती. आई आणि मी एकेक पिशवी घेऊन निवांत पोचलो. नदीकाठचं जुनं लाकडी र्‍योकान, म्हणजे पारंपरिक जपानी सराई. मोजक्याच खोल्या.

दारात बूट काढून सपाता घालायच्या, तातामीच्या (गवती चटयांच्या) खोलीत त्याही काढायच्या, संडासात पुन्हा वेगळ्या. आई संडासातल्या सपातांवरच जेवायला निघाली. तिथल्या बाईंनी अवाक्षर न बोलता दुसरा जोड तिच्या पायांपुढे सरकवला. युकाताही (पट्ट्याने बांधायचा सुती झगा) तिने उलटा गुंडाळला होता. तेव्हा मात्र मालकीणबाई लगबगीने आल्या आणि डावी बाजू वर घेऊन पट्टा पुन्हा बांधून दिला. उजवी बाजू वर फक्त मृतांना असते, हे मी आईला परतीच्या गाडीत सांगितलं.

इथली खरी मजा गावातली सात सार्वजनिक स्नानगृहं. र्‍योकानात उतरलेल्यांना त्यांचा पास मिळतो आणि लोक युकाता, गेता नावाच्या लाकडी चपला घालून टकटक करत रस्त्याने फिरतात. बायका-पुरुषांची सोय वेगळी, पण आत अंगावर काहीही चालत नाही, पोहण्याचा पोशाखसुद्धा. "मी नाही गं येणार," आईने जाहीर केलं. मग बुटक्या स्टुलावर बसून साबण लावला, फेस पूर्ण धुतला (हे आधी करायचं, टाकीत उतरायचं नंतर), केस वर बांधले आणि दहा मिनिटांनी बाईसाहेब गळ्यापर्यंत कढत पाण्यात! छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो, म्हणून तोही इतरांसारखा डोक्यावर घडी करून. टॅटू असेल तरी इथे अडवत नाहीत. बाकी ठिकाणी आधी विचारा. प्रत्येक स्नानगृहाची आठवड्याची सुट्टी वेगळी असते, तेवढं बघून जा. आम्ही चार केली. करकोच्याने जखम बरी केल्याची आख्यायिका असलेलं कोनोयु आईला सगळ्यात आवडलं.

आता सूप. ईमेलमध्ये 'शाकाहारी' लिहिलं होतं. मासे खरंच काढले होते, पण सूप आणि भाज्यांना सुक्या माशाची दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, होतीच. त्यांच्या लेखी ती चव, मासा नव्हे. त्यामुळे 'माशाची दाशीही नको' असं आधीच स्वतंत्र लिहा. कळल्यावर त्यांनी माफी मागून भात, तोफू आणि लोणची आणली. आईचं पोट भरलं. माझं, खरं सांगायचं तर, नाही.